आभा कार्ड निघालं, पण नंबर कुणाच्या मोबाईलचा?



गटाची बैठक संपत आली, बचतीचे पैसे मोजून झाले, सह्या-अंगठे झाले, की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "आधार झालं, रेशन झालं, आयुष्मान झालं. आता हे आभा कार्ड पुन्हा कायले?" शिबिरात कुणीतरी आधार मागतं, मोबाईलवर ओटीपी येतो, तो सांगितला की कार्ड तयार. काही जणींनी ते लॅमिनेट करून पेटीत जपून ठेवलं आहे. ते कशासाठी आहे, हे मात्र बसून कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून आज आपण हेच समजून घेऊ. ही डिजिटल आरोग्य व्यवस्था कशी उभी राहिली, तिचा आपल्याला उपयोग काय, आणि तिच्यात शिरताना काळजी कोणती घ्यायची.

आधी दोन कार्डांतला फरक

आयुष्मान कार्ड हे उपचाराच्या खर्चासाठी आहे. आपल्या राज्यात २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. विदर्भातले अमरावती आणि गडचिरोली त्यात होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सगळ्या राज्यात आली, म्हणजे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव दिलं गेलं, आणि २०२० पासून केंद्राची आयुष्मान योजना तिच्यासोबत एकत्र चालते. २०२३ च्या निर्णयानुसार एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. कार्ड घेऊन आधी त्यांनाच भेटायचं.

आभा कार्डावर एक रुपयाही मिळत नाही. आभा म्हणजे १४ आकड्यांचा एक नंबर. त्या नंबराला तुमच्या तपासण्या, औषधाच्या चिठ्ठ्या, दवाखान्यातून सुट्टी मिळतानाचे कागद जोडता येतात. शेताला जसा गट नंबर असतो आणि तलाठी, सोसायटी, बँक, पीकविमा सगळे त्याच नंबराने तुमचं शेत ओळखतात, तसा हा तुमच्या तब्येतीच्या कागदांचा नंबर. म्हणून "आभा काढलं, आता ऑपरेशन फुकट होईल" असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

आधी वह्या किती होत्या

हा नंबर का लागला, ते बघू. एका बाईची नोंद किती ठिकाणी होते, मोजून पाहा. गरोदर राहिली की नर्सताई तिचं नाव नोंदवतात. गरोदर माता आणि बाळांची नोंद संगणकावर ठेवायला सरकारने २००९ मध्ये सुरुवात केली. क्षयरोगाच्या रुग्णांसाठी २०१२ मध्ये निक्षय आलं. तिशीनंतर रक्तदाब, साखर, कर्करोगाची तपासणी करायची म्हणून आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, त्याचं पोर्टल निराळं. बाळाचं वजन-उंची अंगणवाडीताई पोषण ट्रॅकरमध्ये भरतात, ते २०२१ पासून. मातृवंदना योजनेच्या पैशासाठी आणखी एक.

बाई एकच, पण पाच जागी पाच वेळा तिचं नाव, वय, आधार, मोबाईल लिहिलं गेलं. एका ठिकाणी "सुनीता", दुसऱ्या ठिकाणी "सुनिता", तिसऱ्या ठिकाणी माहेरचं आडनाव. ही पाचही माणसं एकच आहेत, हे संगणकाला कसं कळणार? क्षयरोगाच्या वहीला माहीत नसतं की ही बाई गरोदर आहे. गरोदरपणाच्या वहीला माहीत नसतं की तिला मागच्या वर्षी क्षयाचं औषध सुरू होतं. आणि प्रत्येक वही भरणारी बाई आपल्याच गावातली. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडीताईंनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन नीट चालत नव्हते आणि पोषण ट्रॅकर इंग्रजीत होता, अशी त्यांची तक्रार होती.

नोंदी विखुरल्या की काय होतं, हे आपल्या जिल्ह्याने २०१७ च्या पावसाळ्यात पाहिलं. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. कुणी गावच्या डॉक्टरकडे गेलं, कुणी तालुक्याला, कुणी थेट यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. एकाच कारणाने इतके रुग्ण येताहेत, हे वर सरकारपर्यंत पोहोचायला उशीर झाला, अशी टीका तेव्हा झाली आणि राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. संगणक असता म्हणून सगळे वाचले असते, असं आम्ही म्हणणार नाही. नोंद पाहून हालचाल करणारं माणूस लागतंच. पण वह्या एकमेकींशी बोलत नसतील, तर त्या माणसाला दिसणार काय?

बाजार कसा भरतो

आता ही व्यवस्था कशी वाढली ते पाहू. इंग्रजीत हिला प्लॅटफॉर्म म्हणतात. आपल्याला आठवडी बाजाराच्या उदाहरणाने ती चटकन कळेल.

नवा बाजार भरवायचा तर आधी जागा लागते. मग सगळ्यांना एकच वजनमाप लागतं, नाहीतर एकाचा किलो दुसऱ्याला चालत नाही. मग दुकानदार हवेत. पण गिऱ्हाईक येत नाही म्हणून दुकानदार येत नाहीत, आणि दुकानं नाहीत म्हणून गिऱ्हाईक येत नाही. हा गुंता कुणीतरी सोडवावा लागतो. ग्रामपंचायत पहिले काही महिने बाजाराची पावती माफ करते, तसं काहीतरी.

आरोग्याच्या बाजारातही हेच झालं. २०१८ मध्ये नीती आयोगाने सगळ्या देशासाठी एक सामाईक पाया असावा, असा प्रस्ताव मांडला. १५ ऑगस्ट २०२० ला डिजिटल आरोग्य अभियान जाहीर झालं आणि लडाख, पुद्दुचेरी अशा सहा केंद्रशासित प्रदेशांत ते आधी करून पाहिलं गेलं. २७ सप्टेंबर २०२१ ला ते देशभर सुरू झालं. यात तीन मोठ्या नोंदवह्या आहेत. एक आपली, म्हणजे आभा नंबरांची. दुसरी दवाखान्यांची, तिच्यात सरकारी, खाजगी, प्रयोगशाळा, औषध दुकान सगळे येतात. तिसरी डॉक्टर-नर्स यांची. आणि सगळ्यांनी नोंद एकाच पद्धतीने लिहायची, हे झालं वजनमाप.

दुकानदार यावेत म्हणून १ जानेवारी २०२३ पासून सरकारने प्रोत्साहन योजना आणली. जे दवाखाने, प्रयोगशाळा आणि सॉफ्टवेअर कंपन्या रुग्णांच्या नोंदी आभाला जोडतील, त्यांना रक्कम देऊ केली गेली. गिऱ्हाईक यावं म्हणून २०२२ पासून मोठ्या रुग्णालयांत केसपेपरच्या खिडकीवर चौकोनी क्यूआर कोड लागले. मोबाईलवर तो स्कॅन केला की नाव-पत्ता आपोआप जातो आणि टोकन मिळतं.

ई-संजीवनी याच बाजारातलं एक मोठं दुकान. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत घरबसल्या डॉक्टरांशी बोलण्याची सोय तिच्यावर सुरू झाली. गावच्या उपकेंद्रात बसून समुदाय आरोग्य अधिकारी दूरच्या डॉक्टरांना पडद्यावर आपला रुग्ण दाखवतात. देशभरात ३० कोटींहून अधिक वेळा लोकांनी असा सल्ला घेतला आहे. कपाशी वेचणीच्या दिवसांत यवतमाळला जायचं म्हणजे गाडीभाडं वेगळं आणि बुडालेली मजुरी वेगळी. उपकेंद्रातच विचारून झालं तर तेवढी वाचते. २०२२ मध्ये ई-संजीवनीही आभाला जोडली गेली.

पण बाजार भरवण्याच्या घाईत काय होतं, तेही लक्षात ठेवू. कोविडच्या लसीच्या वेळी आधार दाखवलं, आणि तेव्हाच अनेकांचे हेल्थ आयडी तयार झाले. त्यांना ते ठाऊकही नव्हतं. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयाच्या लोकांना कोविनवर आधी नोंदणी केल्याशिवाय लस नव्हती. शहरातल्या लोकांनी मोबाईलवर भराभर बोटं चालवून खेड्यातल्या केंद्रांवरच्या जागा धरल्या, आणि गावचे लोक बघत राहिले. २४ मे पासून सरकारी केंद्रावर थेट जाऊन नोंदणी करायची मुभा मिळाली. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचं काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानेही त्याच महिन्यात विचारला. कोविनवर मराठी आली ती जूनमध्ये. जागा सगळ्यांची असली तरी आधी पोहोचेल तो चांगला ओटा धरतो, हे आपल्याला बाजारात बसणाऱ्या बायांना नव्याने सांगायला नको.

माहेरचं बाळंतपण

आपल्या देशात ७० कोटींहून अधिक आभा नंबर निघाले आहेत. पण सगळ्यांच्या नोंदी त्यांना जोडल्या गेलेल्या नाहीत. म्हणजे बऱ्याच जणांचं पासबुक निघालं, पण आत एकही नोंद नाही. रिकाम्या पासबुकाचा उपयोग काय? म्हणून एक उदाहरण घेऊ.

समजा, बोरीची एक सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी कारंज्याकडे गेली. इथल्या नर्सताईंनी सातव्या महिन्यात तिचं रक्त तपासलं होतं. हिमोग्लोबिन ७ च्या खाली निघालं, म्हणजे तीव्र रक्तक्षय. एका औषधाने तिच्या अंगावर पित्त उठलं होतं, तेही लिहिलं होतं. हे सगळं माता-बाल संरक्षण कार्डावर आहे आणि कार्ड राहिलं सासरी, कपाटात. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या. १०८ ची गाडी आली, रुग्णालयात पोहोचली. तिथले डॉक्टर तिला पहिल्यांदाच पाहताहेत. रक्ताची सोय आधीच करून ठेवायची का, कोणतं औषध टाळायचं, हे त्यांना कोण सांगणार? आई घाबरलेली, नवरा पुण्याला कामावर.

तपासणीच्या वेळी तिच्या आभाला नोंद जोडलेली असती, आणि त्या रुग्णालयातही ही सोय सुरू असती, तर तिच्या संमतीने ती नोंद तिथल्या पडद्यावर दिसली असती. तुमचे सगळे कागद दिल्लीत एका कपाटात जमा होतात, असं नाही. नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते. दुसऱ्या दवाखान्याने मागितली की तुमच्या मोबाईलवर विचारणा येते, तुम्ही हो म्हटलं की तेवढी नोंद तिकडे दिसते. बाळंतपण माहेरी आणि तपासण्या सासरी, ही आपली जुनी रीत आहे. कामासाठी गाव सोडून जाणाऱ्या बायांचंही तेच. नोंद आपल्यासोबत फिरण्याचा सगळ्यात जास्त उपयोग कुणाला असेल तर तो आपल्याला.

आणि इथेच खरी मेख आहे. विचारणा येते ती मोबाईलवर. कुणाच्या?

मोबाईल कुणाचा, तर किल्ली त्याची

आधार काढताना घरात एकच फोन होता, म्हणून सगळ्यांच्या आधारला नवऱ्याचा नाहीतर सासऱ्यांचा नंबर लागला. काहींचा लागलेला नंबर रिचार्ज न केल्यामुळे केव्हाच बंद पडला. शिबिरात आभा काढताना तोच नंबर पुढे गेला. आता त्या सुनेच्या नोंदीची विचारणा जाईल पुण्याला, नवऱ्याच्या फोनवर. तो रात्रपाळीत असेल तर फोन लॉकरमध्ये.

शेतात बाई राबते, पण सातबारावर नाव नसेल तर बँक तिला शेतकरी मानत नाही. हे दुःख आपल्याला माहीत आहे. शरीर आपलं आणि त्याच्या नोंदीची किल्ली दुसऱ्याच्या खिशात, असं इथेही व्हायला नको. त्यासाठी भांडायची गरज नाही. घरात सांगा की रात्री-बेरात्री मी एकटी असले तर माझी माहिती मलाच उघडता आली पाहिजे.

आधार केंद्रावर अंगठा देऊन आणि ठरलेली फी भरून आधारला स्वतःचा नंबर लावून घेता येतो. काही ठिकाणी पोस्टमनही मशीन घेऊन हे काम करून देतात. आभाचा नंबर आभा ॲपमधून बदलता येतो. तुमच्याकडे साधा, बटणांचा फोन असला तरी ओटीपी त्यावर येतो. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांचं आभा आधार आणि अंगठ्यावरही निघतं.

सांगायचं काय, झाकायचं काय

प्रत्येक आजार चारचौघांत सांगण्यासारखा नसतो. आपल्या भागात सिकलसेल आहे. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू आहे, तपासणी होते, कार्डही मिळतं. लग्नाआधी मुलगा आणि मुलगी दोघांनी तपासून घ्यावं, हे आपण सांगतोच. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पण गावात बोट दाखवलं जातं ते मुलीकडेच. सोयरीक मोडते ती तिची. तिची नोंद कुणाकुणाला दिसणार, हा तिच्यासाठी आयुष्याचा प्रश्न आहे. क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार यांचंही तसंच. गर्भपात करून घेतलेल्या बाईचं नाव गुप्त ठेवणं तर कायद्यानेच बंधनकारक आहे.

म्हणून संमती देताना आपले हक्क माहीत असू द्या. कोणती नोंद दाखवायची आणि कोणती नाही, हे तुम्ही निवडू शकता. किती दिवसांसाठी दाखवायची, हेही ठरवता येतं. दिलेली संमती काढून घेता येते. आभा काढणं ऐच्छिक आहे, आणि नको असेल तर बंद करता येतं. आभा नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. २०२३ मध्ये देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. माहिती कशासाठी घेताय, हे विचारणं हा उद्धटपणा नाही. गटात कर्जाच्या ठरावावर सही करण्याआधी आपण तो वाचून घेतो की नाही? ओटीपी म्हणजे सहीच समजा. फोनवर कुणी गोड बोलून ओटीपी मागितला तर देऊ नका, मग तो आरोग्य खात्याचं नाव सांगो की बँकेचं.

कागद टाकू नका

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. देशातलं एवढं मोठं रुग्णालय, पण संगणक बंद पडले आणि बरेच दिवस केसपेपर, चिठ्ठ्या सगळं हाताने लिहावं लागलं. आपल्याकडे तर पावसात दोन दिवस वीज नसते, कधी टॉवर बंद असतो. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड, लसीचं कार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत घाला. माहेरी जाताना, कामाला गाव सोडताना ती पिशवी कपड्यांच्या आधी बॅगेत गेली पाहिजे. डिजिटल नोंद ही त्या पिशवीची जोडीदारीण आहे.

पुढच्या बैठकीत एवढं करा

पहिलं, प्रत्येकीने आपल्या आधारला आणि आभाला कोणता मोबाईल नंबर आहे, ते पाहा. गटात लिहिता-वाचता येणाऱ्या दोघी-तिघी बाकीच्यांना मदत करतील. ज्यांचा नंबर बंद आहे किंवा दुसऱ्याचा आहे, त्यांची यादी करा. दहा-पंधरा जणी एकत्र गेलात तर एकाच फेरीत काम होतं.

दुसरं, गावात कोण गरोदर आहे आणि बाळंतपणाला कुठे जाणार आहे, ते आशाताईंसोबत बसून विचारा. त्या बाईच्या नोंदी आभाला जोडल्या जाताहेत का, हे नर्सताईंना विचारा. जोडल्या जात नसतील तर ग्रामसंघाच्या बैठकीत विषय घ्या आणि आरोग्य केंद्राला लेखी पत्र द्या.

तिसरं, गावात आभाचं शिबिर लागलं तर गटातल्या दोघींनी तिथे बसावं. ओटीपी देण्याआधी हे कार्ड काय आहे, ते मराठीत समजावून सांगितलं जातंय का, आणि नंबर बाईचा स्वतःचा लागतोय का, एवढं बघावं.

चौथं, अडचण आली तर नंबर लिहून ठेवा. आभासाठी १४४७७, आयुष्मान कार्डासाठी १४५५५, रुग्णवाहिकेसाठी १०८.

ही व्यवस्था मोठ्या शहरांत, मोठ्या कचेऱ्यांत आखली गेली. पण तिच्यातली माहिती भरली ती आशाताईंनी, अंगणवाडीताईंनी आणि आपण सगळ्यांनी, घरोघरी फिरून, एकेक नाव लिहून. आपल्या घामाने भरलेल्या वहीत आपलं पान आपल्याला उघडता यायला हवं. त्याची सुरुवात एका मोबाईल नंबराने होते. येत्या बैठकीला आधार कार्ड आणि फोन, दोन्ही सोबत घेऊन या.